अब्बांनी अडवलेलं दार

निंभोरकर सरांच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका अकोल्यात फलकच्या घरी आली ती नेमकी अब्बांच्या हातात पडली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. एरवी टपालाने आलेलं काहीही अब्बा न उघडता फ्रिजवर ठेवून देत. ही पत्रिका मात्र जाडजूड होती, वर सरांचा हसरा फोटो होता, आणि तो फोटो पाहून अब्बा गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. संध्याकाळी फलक कॉलेजातून आली तर म्हातारा चष्मा लावून पत्रिका तिसऱ्यांदा वाचत बसलेला.

“मी बी येतो,” अब्बा म्हणाले.

“कुठे?”

“अमरावतीले. सरायच्या कार्यक्रमाले. पयल्या रांगेत बसतो.”

फलकने पर्स खुंटीला अडकवली आणि चहा टाकायला आत गेली. साखर दोनदा पडली, ते चहा प्यायल्यावर कळलं.

दुसरी कोणी मुलगी असती तर खूश झाली असती. आपला बाप आपल्या गुरूच्या सत्काराला येतो म्हणतो, यात वाईट काय? पण फलक धास्तावली, आणि का धास्तावली ते समजायला आधी निंभोरकर सर समजले पाहिजेत.

वामनराव निंभोरकर म्हणजे अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, गवतांचे जाणकार. फलक तिथे बीएस्सीला गेली, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या रऊफ गादीवाल्याची एकुलती एक मुलगी, आणि पहिल्याच वर्षी सरांनी तिला हेरलं. पुढचं सगळं सरांनी केलं. एमएस्सीला कोणता विषय घ्यायचा हे सरांनी ठरवलं. पीएचडीचा प्रबंध सरांनी ओळ न् ओळ वाचला. अकोल्याच्या कॉलेजात मुलाखत होती तेव्हा सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले, जणू त्यांचीच मुलाखत होती. साजिदचं स्थळ आलं, तर सरांनी त्याला अमरावतीला बोलावून घेतलं आणि अर्धा दिवस त्याची उलटतपासणी केली. बिचारा साजिद आजही म्हणतो की निकाहनामा काझीने वाचला खरा, पण मंजुरी निंभोरकरांची होती. फलकला गाडी चालवायला शिक म्हणून सरांनीच लकडा लावला होता, आणि फलकच्या मुलीने, अलीझाने, कोणता विषय घ्यावा याबद्दलही त्यांचं मत तयार असायचं. या माणसाने केलेलं एकेक आठवायला बसलं की फलकला भरून यायचं. आणि त्याच वेळी कुणीतरी अंगावर घोंगडीवर घोंगडी टाकत असल्यासारखं जड व्हायचं. दोन्ही खरं होतं. ती आता चाळिशीची, विभागप्रमुख झाली होती, पण सरांचा फोन आला की अजून उभी राहून बोलायची.

पण ती धास्तावली ती याने नाही. धास्तावली दाराच्या गोष्टीने.

अमरावतीकरांना सत्काराचं भारी वेड. कुणी निवृत्त झालं, कुणी साठीचं झालं, कुणी नुसतं परदेशातून परत आलं तरी शाल-श्रीफळ निघतं आणि माइकपाशी रांग लागते. निंभोरकर सरांचे तर इतके सत्कार झाले होते की त्यांच्या पत्नी माणिककाकू शाली वाटून वाटून थकल्या होत्या. आणि प्रत्येक सत्कारात दाराची गोष्ट व्हायचीच. सर स्वतः सांगत, नाहीतर सूत्रसंचालक सांगे.

गोष्ट अशी. अकोल्याच्या जुन्या शहरातली अरुंद गल्ली. भर उन्हात सर एक दार वाजवतात. दार उघडतं, पण दारात मुलीचा बाप उभा, डोक्यावर टोपी, हात चौकटीला आडवा. मुलीच्या जातीला एवढं शिक्षण पुरे, म्हणतो. सर म्हणतात, मग मी इथून हलत नाही. आणि ते ओट्यावर बसतात. घोटभर पाणीसुद्धा न घेता दिवस मावळेपर्यंत बसतात. शेवटी बापाचा हात खाली येतो आणि आतून एक मुलगी पुस्तकांची पिशवी घेऊन बाहेर पडते. ती मुलगी आज डॉक्टर फलक आहे. इथे सभागृह टाळ्यांनी दणाणायचं, आणि फलकने खुर्चीतून उठून हात जोडायचे.

आता खरं काय झालं होतं ते ऐका.

फलक दुसऱ्या वर्षाला असताना तिची अम्मी, खुर्शीदबी, मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. फलक सुटी काढून अकोल्याला आली आणि घरच बघत राहिली. आता कॉलेज नको, म्हणाली. तिला कुणी अडवलं नव्हतं. उलट अब्बांनी जीव तोडून सांगितलं, अम्मीने अंथरुणातून हात जोडले, मावशी येऊन राहायला तयार झाली, पण पोरगी हटूनच बसली. बापाचा इलाज चालेना, तेव्हा रऊफमियाँनी गादीचं दुकान बंद केलं आणि सकाळच्या एसटीने अमरावती गाठली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून खांद्यावर नवी रजई घेतली. विभागाच्या पायरीवर बसले, तर शिपायाने त्यांना फेरीवाला समजून स्टाफ क्वार्टर मागे आहेत, तिकडे विका म्हणून सांगितलं. सर वर्गातून बाहेर आल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, “सर, पोरगी मायं ऐकत नाई. तुमचं ऐकते. तुमी चला.” आणि सर, हे त्यांचं मोठेपण, त्याच पावली त्यांच्याबरोबर एसटीत बसले.

घराचं दार बुटकं. सर ताडमाड. अब्बांनी पुढे होऊन चौकटीच्या वरच्या लाकडाखाली आपला तळहात धरला. उंच पाहुणा आला की ते नेहमी असंच करत. डोकं आपटायचंच असेल तर लाकडावर नको, माझ्या हातावर आपटू दे. सर त्या हाताखालून वाकून आत गेले. फलकला तासभर समजावलं, रागावले, शेवटी म्हणाले, तू नाही आलीस तर मी इथेच जेवतो रोज. मावशीने केलेला पुलाव त्यांनी दोनदा मागून घेतला. पाण्याचं तर विचारूच नका. आठवड्याने फलक अमरावतीला परत गेली.

मग हे दार अडलं कधी? तेही फलकला ठाऊक होतं, कारण ती समोरच बसली होती. तिला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं तेव्हाच्या कौतुकसमारंभात सर म्हणाले, “मी हिच्या घरी गेलो. वडिलांचा हात चौकटीवर होता. मी त्या हाताखालून आत गेलो आणि हिला घेऊन आलो.” शब्द न् शब्द खरा होता. पुढच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने तो हात आडवा केला. त्याच्या पुढच्याने ओटा आणला. सर भल्या मनाचे, ते माइकवर कुणाचं खोडून काढत नसत; दोनचार वर्षांत तेही तसंच सांगू लागले, आणि मग त्यांना तसंच आठवू लागलं. फलक गप्प राहिली. सरांचा कार्यक्रम, सरांचं व्यासपीठ, तिथे उठून सर, असं नव्हतं, कसं म्हणायचं? आणि दुसरंही एक होतं. समोरच्या लोकांना तो बाप हवाच असायचा. टोपीवाला, जुन्या शहरातला, आडवा हात लावलेला. त्याच्यावाचून त्यांच्या टाळ्यांना जोर येत नसे. हे पाहून फलकचा जीव जळायचा, आणि ती उठून हात जोडायची.

इतकी वर्षं एकच गोष्ट बरी होती. अब्बा कधी अमरावतीच्या कार्यक्रमाला आले नव्हते.

अम्मी गेल्यापासून अब्बा फलक आणि साजिदकडेच राहत. जुन्या शहरातलं घर मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. सकाळी जाऊन मागच्या खोलीत बसायचे, कापूस पिंजायचे, एखादी रजई शिवायचे. पत्रिका आल्यापासून ते सरांसाठी रजई भरायला बसले. फलकने थंडीचं भय घातलं, दम्याची आठवण दिली.

“रजई मायाच हातची हाय,” अब्बा म्हणाले. “लागली थंडी तर पांघरून बसतो.”

“अब्बा, तिथे भाषणं असतात. लोक काहीबाही बोलतात.”

“बोलू दे ना. लोकायचं तोंड हाय.”

साजिद म्हणाला, ताप आला म्हणून सांग, दोघंही जाऊ नका. पण सरांच्या पंच्याहत्तरीला फलक नाही, असं होणं म्हणजे वराशिवाय वरात. शेवटी तिने ठरवलं की आपण आधी सरांकडेच जायचं आणि त्यांना स्पष्ट सांगायचं. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी ती गाडी काढून अमरावतीला गेली.

मागच्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात मांडीवर निपचित पडलेला असे. बोलणं शाबूत होतं, आठवणी मात्र मधूनमधून दगा देत. तिला पाहून म्हातारा लहान मुलासारखा खुलला.

“तुझं मनोगत शेवटी ठेवलंय,” ते म्हणाले. “प्रीतमला सांगितलं मी, फलक शेवटी. दाराचं तूच सांग यंदा. मी आता थकलो.”

प्रीतम म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी आणि शहरातला हुकमी सूत्रसंचालक. फलकने मन घट्ट केलं.

“सर, त्याबद्दलच बोलायचं होतं. अब्बांनी मला अडवलं नव्हतं. मीच हट्ट धरला होता. अब्बा तर तुम्हाला न्यायला इथे आले होते, कॉलेजात. रजई घेऊन.”

सर हसले. “मुलगी बापाचं उणं कसं सांगेल? सांगू पण नये. म्हणून तर मी सांगत आलो.”

“नाही सर, खरंच. तुम्ही दोघं एसटीने आलात. तुम्ही आमच्याकडे जेवलात.”

सर खिडकीकडे वळले. “रजई,” ते म्हणाले. मग आत हाक मारली, “माणिक, ती निळी रजई आपल्याकडे कुठून आली?”

“फलकच्या घरून,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“हां. तिच्या लग्नातली असेल,” सर म्हणाले, आणि विषय हवामानावर गेला.

फलक कप ठेवायला आत गेली, तर काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मले माईत हाय फलक, तू खरं बोलून राहिली,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “तो रजईवाला माणूस मले आठवते. पण ह्यांले आता काय आठवते सांग? परवा नातवालेच प्रीतम म्हणून राहिले होते. गवतांची नावं गेली, ज्यायच्यासाठी जलमभर रानोमाळ फिरले ती. तुयं दार तेवढं राहिलं. घरी कोणी आलं की तेच सांगतात, अन् सांगताना असे पहिल्यासारखे दिसतात. ते बी काढून घेतलं तर काय राहीन त्यायच्यापाशी?”

“आणि माझ्या अब्बांचं काय, काकू? ते समोर बसणार आहेत.”

काकूंनी पदराने हात पुसले. “ते मले समजत नाई, पोरी,” त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर फलक एकटीच गाडीत रडली. सर खोटे नव्हते, काकू खोट्या नव्हत्या, अब्बा तर नव्हतेच, आणि तरी या तिघांच्या मधे ती अशी सापडली होती की कुणीकडे हलावं तर कुणाच्या तरी उरावर पाय पडावा. मूर्तिजापूर येईपर्यंत तिने एक मार्ग काढला. दाराचं नावच काढायचं नाही. बाकीचं इतकं बोलायचं की वेळ संपली पाहिजे.

पुढच्या रविवारी सकाळी अब्बांनी इस्त्रीचा पांढरा पायजमा-कुर्ता घातला, काळी टोपी घातली, रजई प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मांडीवर घेतली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. साजिदला त्याच्या दुकानाचं काम निघालं होतं, म्हणून दोघंच निघाली. बडनेऱ्यापर्यंत अब्बा पिकांबद्दल बोलत होते. फलक हं हं करत होती.

सभागृह भरलं होतं. दाराशीच प्रीतम भेटला, जाकीट घालून, हातात कार्डांचा गठ्ठा.

“मॅडम, या. आणि हे बाबा?”

“माझे वडील.”

प्रीतमने अब्बांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की फलकला त्याला चपराक मारावीशी वाटली. “म्हणजे ते वडील? गोष्टीतले? अहो, हे आधी का नाही सांगितलं? बसा, बसा, इथे पुढेच बसा.” अब्बा पुढे बसले, रजई मांडीवर.

भाषणं सुरू झाली. माजी विद्यार्थी आले, संस्थेचे लोक आले, एका बाईंनी सरांवर स्वतः रचलेली आरती म्हटली. सर व्यासपीठावर मोठ्या खुर्चीत, खांद्यावर तीन शाली, शेजारी काकू. शेवटी फलकचं नाव आलं. प्रीतमने आवाज खाली आणून सांगितलं की आता ती मुलगी बोलेल, जिच्यासाठी एक दार उघडलं गेलं. लोक सरसावून बसले.

फलक सरांच्या गवतांबद्दल बोलली. मेळघाटात सर सगळ्या वर्गाला गुडघ्यावर बसवत. गवत उभ्याने दिसत नाही, म्हणत, आधी खाली या. ती पातूरच्या लेण्यांच्या सहलीबद्दल बोलली, जिथे सगळे लेणी बघत होते आणि सर कातळातल्या फटीत उगवलेलं एक पातं दाखवत होते. मुलाखतीच्या बाकाबद्दल बोलली, प्रबंधाच्या शेवटच्या पानाबद्दल बोलली. बोलताना तिचा आवाज खरोखरच भरून आला. या माणसाने मला बघायला शिकवलं, ती म्हणाली, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आता आभार मानून बसायचं, एवढंच राहिलं होतं.

“दाराचं,” मागून सरांचा आवाज आला. त्यांच्या सदऱ्याला छोटा माइक लावलेला होता, त्यामुळे तो सगळ्या सभागृहात गेला. “दाराचं राहिलं, फलक. दाराचं सांग.”

लोक मायेने हसले. फलक मागे वळली. सर खुर्चीत पुढे झुकून तिच्याकडेच बघत होते. काकूंनी मान खाली घातली होती. ती परत समोर वळली, तर पहिल्या रांगेत अब्बा. एक वाक्य होतं तिच्याजवळ. त्या दिवशी अब्बाच सरांना आणायला गेले होते. इतकंच म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर होतं, आणि ते म्हटलं की या खुर्चीतल्या थकल्या माणसाचं पाचशे माणसांसमोर काय होईल हेही तिला दिसत होतं. तिने तोंड उघडलं, आणि आवाज निघेना. सभागृह थांबून राहिलं.

तेव्हा अब्बा उठले. रजई खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या चढून वर आले. प्रीतमने धावत जाऊन त्यांना हात दिला. अब्बांनी फलकला हळूच बाजूला केलं, जसं लहानपणी दुकानात कात्रीपासून करत, आणि माइकसमोर उभे राहिले.

“मी फलकचा बाप. रऊफ. गादीवाला,” ते म्हणाले. “सरायच्या गोष्टीत दारात जो माणूस उभा हाय ना, तो मीच.”

सभागृहात कुजबुज झाली.

“सरायनं तुमाले कमीच सांगतलं. मी लय आडमुठा होतो. म्हणलं, पोरगी शिकली तर हाताबाहेर जाईन. हात असा लावला दाराले.” अब्बांनी हात आडवा करून दाखवला. “अन् हा माणूस माया ओट्यावर बसला ना, बाप्पा. पाणी देलं, घेतलं नाई. मले वाटलं, कटाळून जाईन. गेलाच नाई. सांजचं मीच थकलो. म्हणलं, ने बाबा. तवापासून ते त्यायचीच पोरगी हाय. माया घरी पाहुणी असते.”

लोक हसले, मग उभे राहिले, आणि टाळ्या थांबेचनात. सर काकूंच्या आधाराने उठले आणि उजव्या हाताने अब्बांना कवटाळलं. दोघंही म्हातारे रडत होते. प्रीतम माइकवर हुंदका देत सांगत होता की ज्याने दार अडवलं, त्यानेच आज आपल्यापुढे मन उघडं केलं. खालून कुणीतरी रजई वर आणून दिली आणि अब्बांनी ती चौथी शाल म्हणून सरांच्या खांद्यांवर घातली. फलक माइकच्या दांड्याला धरून उभी होती. तिला हात जोडायचंही सुचलं नाही.

जेवण आटोपून निघाली तेव्हा दुपार कलली होती. निम्म्या शहराने अब्बांचे हात हातात घेऊन त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं होतं.

“कावून, अब्बा? का केलंत असं?” बडनेरा मागे पडल्यावर फलक म्हणाली.

“कावून काय?”

“तुम्हाला माहीत होतं.”

“तुयं लग्न झालं त्याच्या पयलेपासून,” अब्बा म्हणाले. “एक गिऱ्हाईक आलतं अमरावतीचं. म्हणे, तुमीच का ते, पोरीले शिकू न देणारे? गादी घेतली अन् वरून मलेच समजावून गेला. मी तुया अम्मीले सांगतलं, तर ते इतकी हसली का खोकला लागला तिले.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुले सांगून काय करतो? तू सरांशी भांडली असती. मंग?”

फलकने गिअर बदलला. “सगळ्यांसमोर स्वतःला असं करून घ्यायची काय गरज होती? मी सांगणार होते. खरं सांगणार होते.”

“तुयं तोंड पायलं ना मी. तू सांगू शकत नव्हती.” अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “हे पाय बेटा, सर त्या दिवशी आले नसते तर तू आज तव्यापाशी असती. येवढं तं खरं हाय ना? मंग दाराचं कोण पायते. मी त्यायले काय देऊ सांग बरं? रजई देली तर त्यायच्या घरी रजया पडल्या. शाली पडल्या. त्यायले हे पायजे होतं, अन् हे माया एकट्यापाशीच होतं. म्हणून देलं.”

“आणि मी? मला कधीतरी एक दिवस खरं सांगायचं होतं, अब्बा. तुमच्याबद्दल. सगळ्यांना.”

“आता नको सांगू,” अब्बा काच थोडी वर कर म्हणावं इतक्या सहज म्हणाले. “आता सांगशील तर मी खोटा पडतो.”

फलकला ते तेव्हा कळलं. इतकी वर्षं ते वाक्य तिच्याजवळ होतं. बोलली नव्हती, पण बोलता आलं असतं, या भरवशावर ती दर सत्काराला उठून हात जोडत आली होती. आता सर नव्हते अडवत तिला. बापाचीच शपथ गळ्यात पडल्यागत झालं होतं, आणि तीही त्याने लाडाने घातलेली. तिला संताप आला, आणि तो टाकायला जागा नव्हती. शेजारी बसलेल्या या माणसावर तिचा इतका जीव होता की रागाने ओरडावं तर रडूच आलं असतं.

मूर्तिजापूर जवळ आलं आणि फोन वाजला. गाडीच्या पडद्यावर सरांचं नाव आलं. तिने बटण दाबलं, आणि सरांचा आवाज गाडीभर पसरला.

“फलक, पोहोचलात का? वडील आहेत शेजारी?”

अब्बांनी हाताने नाही अशी खूण केली.

“नाहीत सर. जुन्या शहरात उतरले.”

“बरं झालं. मग तुला सांगतो,” सर म्हणाले. आवाज थकलेला होता, पण इतका स्वच्छ तिने वर्षभरात ऐकला नव्हता. “मागच्या रविवारी तू रजईचं बोललीस ना, तेव्हापासून मला झोप नाही. रोज आठवायचा प्रयत्न करतो. मला एसटी आठवायला लागली. एक माणूस शेजारी बसलाय, मांडीवर काहीतरी मोठं गाठोडं. वाटलं, आपण आयुष्यभर एका भल्या माणसाबद्दल खोटं तर सांगत नाही ना? म्हटलं, कार्यक्रमात फलकला विचारावं, चारचौघांतच. ती सांगेल खरं काय ते. आणि चुकलं असेल तर तिथेच त्या माणसाची माफी मागावी, आहे तो एक हात जोडावा. म्हणून तुला म्हटलं मी, दाराचं सांग.”

फलकने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

“तू बोलेनास,” सर म्हणाले. “मला वाटलं, झालं, माझंच चुकलं. पण ते स्वतः उठले. स्वतः सांगितलं. केवढा मोठा माणूस, फलक. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं आज. मी उगाच शंका घेत होतो.” ते थांबले. “झालं होतं ना गं तसंच?”

तिने अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे ओठ हलत होते, आणि एकदा त्यांनी पडद्याकडे हातही नेला. फलक थांबली. तिने त्यांना बोलू दिलं असतं. हात तसाच मागे आला आणि अब्बांनी तो मांडीवर ठेवला.

“फलक? ऐकू येतंय ना?”

“हो, सर,” ती म्हणाली. “तसंच झालं होतं.”